सजायाफ्ता सोपानतात्या

सोपानतात्या रोज सकाळी जीप सुरू करण्याआधी बायकोच्या तोंडावर फुंकायचे. घरात दाराआड वगैरे नाही; भर गल्लीत, जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या उतारूंच्या देखत. गयाकाकू हातातलं काम टाकून बाहेर यायच्या, पदराला हात पुसायच्या आणि मान जरा वर करायच्या. तात्या दोन्ही गाल फुगवून "हाऽऽ" करत फुंकायचे. काकू डोळे मिटून वास घ्यायच्या, थोडा विचार करायच्या आणि म्हणायच्या, "पास." मग त्यांच्या कमरेच्या पिशवीतून किल्ली निघायची. किल्ली हातात आली की तात्या उतारूंकडे वळून सांगायचे, "चला, बसा बराबर. मशीन पास झालं."

नवखा उतारू असला तर तो घाबरून खाली उतरायच्या बेतात यायचा. त्याला तात्या स्वतःची ओळख करून द्यायचे, "घाबरू नका पाव्हणं. मी सजायाफ्ता ड्रायव्हर हाय."

सजायाफ्ता म्हणजे कोर्टानं सजा दिलेला. निजामाच्या काळातला हा शब्द आमच्या मराठवाड्यात म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून सापडतो, पण तो स्वतःला पदवीसारखा लावून घेणारा दुसरा कोणी मी पाहिला नाही. एखादा डॉक्टर जसा नावाआधी डॉक्टर लावतो, तसं तात्या सजायाफ्ता लावायचे. त्यांचा आवाज त्या वेळी किंचित उंचही व्हायचा.

मी तेव्हा सरकारी नोकरीच्या सुरुवातीला घनसावंगीत त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होते. कार्यालय अंबडला. त्यामुळे जाताना तात्यांची ती वडापची जीप, म्हणजे काळीपिवळी, आणि येतानाही तात्यांचीच काळीपिवळी. मधल्या सीटची खिडकी त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलेली असायची. तिथे कोणी बसलं तर म्हणायचे, "उठा, तिथं सरकार बसतं."

सजेची गोष्ट घनसावंगीत सुरू व्हायची आणि अंबड येईपर्यंत पुरायची. तात्यांना आधी घ्यायची सवय होती. रोजची नाही, पण लग्न, बारसं, बाजार असं निमित्त मिळालं की थोडी व्हायचीच. एकदा बहिणीच्या गावाहून, हसनाबादहून परत येताना पोलिसांनी नाकाबंदीत जीप अडवली आणि फुंकायचं मशीन तोंडासमोर धरलं.

"मी इचारलं, साहेब, जोरात फुंकू का हळू? साहेब म्हणले, जसं जमल तसं. म्हणलं, चला, आपल्यात कमी नको. असा फुंकलो, असा फुंकलो, का ते मशीन लेकरावानी रडाय लागलं. थांबंचना! साहेब म्हणले, तात्या, बस करा, सरकारी माल हाय."

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. तात्या म्हणाले, "साहेब, मशीन कशाला खोटं बोलंल? त्याची अन् माझी काय दुश्मनी?" दंड झाला आणि काही महिन्यांसाठी लायसन गेलं.

ते महिने तात्यांनी कसे काढले, ते काकू सांगायच्या. रोज सकाळी उठून जीप धुवायचे, काचा पुसायचे आणि आत स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते बसायचे. कुठे जायचं झालं तर एसटीनं जायचे, ड्रायव्हरच्या मागची सीट धरायचे आणि सगळा रस्ता पायानं ब्रेक दाबत राहायचे. त्यांच्या ब्रेकनं एसटी थांबायची नाही आणि तात्यांची पोटरी मात्र संध्याकाळी दुखायची. काकू तेल लावून द्यायच्या.

लायसन परत मिळालं त्याच आठवड्यात त्यांच्या अमेरिकेतल्या जावयानं व्हिडिओ कॉलवर एक माहिती पुरवली. तिकडे पिऊन गाडी चालवताना सापडलं की कोर्ट गाडीतच एक मशीन बसवायला लावतं. आधी त्यात फुंकायचं. तोंडाला दारू असली की गाडी सुरूच होत नाही. आणि एवढ्यावर भागत नाही, चालू गाडीतही ते मध्येच परत फुंकायला सांगतं.

तात्या जावयावर कधी नव्हे एवढे खूश झाले. मुलगी सुषमा म्हणाली की बाबा हे ऐकून फोनसमोर उभेच राहिले. "ह्याला म्हणायचं कायदा! आपल्याकडं काय, लायसन घेतलं, परत दिलं अन् म्हणले जा, आता पिऊ नको. भरोसा ठेवला. आरं, पिणाऱ्यावर कोणी भरोसा ठेवतं का?"

दुसऱ्या दिवशी ते जालन्याला एका गॅरेजवाल्याकडे गेले आणि म्हणाले, असलं मशीन बसवून द्या, जो खर्च होईल तो होईल. गॅरेजवाल्यानं असं मशीन नावानंसुद्धा ऐकलेलं नव्हतं. पण गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं? त्यानं कुठून तरी मागवून एक छोटा डबा बसवला. त्यात फुंकलं की दिवा लागायचा. प्यायलेली असो नसो, लालच लागायचा. कांदा खाल्ला की लाल, ताक प्यायलं की लाल, तात्यांच्या पुढच्या सीटवरच्या एका कीर्तनकार बुवांनी फुंकलं तरी लाल. बुवा त्या जीपमध्ये परत कधी बसले नाहीत.

तात्यांनी डबा काढून फेकला आणि घरी येऊन जाहीर केलं, "गया, आजपासून मशीन तू."

काकूंनी हे काम कोर्टापेक्षाही कडक केलं. त्यांचं नाक साऱ्या गल्लीला माहीत होतं. कोणाच्या घरी आज तूप कढलं, कोणाची डाळ लागली, कोणाचा नवरा बाहेर विडी ओढून आला, हे त्या उंबऱ्यात बसून सांगायच्या. अशा नाकापुढे तात्यांचं काय चालणार? एकदा तात्यांना सर्दी झाली म्हणून कोणी होमिओपॅथीचे, अल्कोहोलमधले थेंब दिले. सकाळी फुंकले आणि काकूंचे डोळे खाडकन उघडले.

"नापास."

"अगं, औशिद हाय ते! बाटली दाखवू का?"

"मला बाटली दाखवू नका. बाटल्या लई पाह्यल्या."

उतारू खोळंबले. मी मध्ये पडले, काकू, खरंच औषधच आहे, मीच पाहिलंय घेताना. काकू शांतपणे म्हणाल्या, "माय, मशीन साक्षीदार घेतं का?" त्या दिवशी मी एसटीनं गेले.

परतीच्या वेळी काकू अंबडला नसायच्या, म्हणून परतीची परीक्षा फोनवर. तात्या फोनचा स्पीकर लावायचे आणि काकू पलीकडून म्हणायच्या, "हं, म्हणा." भरलेल्या स्टँडवर सोपानतात्या जोरजोरात म्हणायचे, "कच्चा पापड, पक्का पापड, कच्चा पापड, पक्का पापड." जीभ अडखळली की परत पहिल्यापासून. उतारूंना याची एवढी सवय झाली होती की काही जण सोबत म्हणायचे. एकदा तात्यांनी अंबडलाच दाढ काढून घेतली आणि ओठ बधिर असताना परीक्षेला बसले. "कच्चा फाफड, फक्का फाफड" ऐकून काकूंनी फोन ठेवून दिला. तात्या ओठ सुटेस्तोवर जीपच्या बॉनेटवर बसून राहिले आणि उतारू दुसऱ्या जीपमध्ये गेले. मी थांबले. तात्या गाल धरून म्हणाले, "मॅडम, कायदा म्हंजे कायदा. बिलकुल बराबर केलं तिनं."

हा सगळा विनोदच आहे, असं मी बराच काळ समजत होते.

मग तात्यांच्या भाचीचं लग्न आलं, त्याच हसनाबादला. मलाही आग्रहानं नेलं. लग्न छान लागलं, पंगती उठल्या आणि दुपार कलताना नवरी निघायची वेळ झाली. फुलांनी सजवलेली गाडी मांडवासमोर आली. ती चालवायला नवरदेवाचे काका बसले होते. फेटा एका बाजूला कललेला, डोळे तांबूस, आणि ज्याला त्याला हात करून उगाच मोठ्यांदा हसत होते. नवरी रडत आत नवरदेवाशेजारी बसली. तेवढ्यात तात्या पुढे गेले आणि गाडीच्या समोर उभे राहिले.

"फुंका," ते काकांना म्हणाले.

काकांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते गाडीतून अर्धे बाहेर आले. "कोणाला म्हणून राह्यले? मी नवरदेवाचा चुलता हाय."

"मंग चुलत्यानं फुंकावं."

"सजा तुम्हाला झाली अन् फुंकायचं आम्ही?"

मांडवातल्या चारचौघांत कोणीतरी हसलं. तात्यांचा चेहरा उतरला नाही. ते म्हणाले, "बिलकुल बराबर. मला झाली म्हणूनच सांगून राह्यलो. तुम्हाला अजून झाली न्हाई."

तात्यांची बहीण धावत आली. तिनं भावाचा हात ओढला, "दादा, माझ्या लेकीच्या पाठवणीत तमाशा करू नको रे. पाया पडते तुझ्या." तात्या हलले नाहीत. वरपक्षाची माणसं गोळा झाली, आवाज चढले, कोणी म्हणालं, धरून बाजूला करा याला. तात्यांनी बॉनेटवर दोन्ही हात टेकले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

गयाकाकू बायकांमधून वाट काढत पुढे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीशी वाकल्या. काका काहीतरी बोलायला गेले आणि त्यांचं तोंड उघडलं, तेवढं काकूंना पुरलं. त्या सरळ झाल्या आणि नवरदेवाकडे बघून एकच शब्द म्हणाल्या, "नापास."

नवरदेव कृषी खात्यात नोकरीला असलेला, गप्प स्वभावाचा मुलगा होता. तो खाली उतरला. काकांपुढे हात पसरून म्हणाला, "काका, किल्ली द्या." काकांनी दिली नाही. मग त्यानं नवरीकडचं दार उघडलं, तिचा शालू सावरायला मदत केली, आणि दोघं येऊन तात्यांच्या काळीपिवळीत बसली. काकूंनी भर मांडवात तात्यांना फुंकायला लावलं, पास म्हणाल्या आणि किल्ली दिली.

वरात काळीपिवळीतून गेली. सजवलेली गाडी हसनाबादलाच राहिली. रुसून बसलेले काका कधी निघाले कोण जाणे. पण तात्यांच्या बहिणीनं त्यानंतर भावाशी बोलणं टाकलं. पुढची राखी आली नाही. तात्या त्या दिवशी मनगट उघडं ठेवून जीप चालवत होते आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, "तिचं बी बराबर हाय."

मी काकूंना विचारलं, तात्या एवढे का अडून बसले? काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "त्यांना पकडलं त्या दिशी गाडीत मी होते ना, माय. मागं बसलेले. सुषमा बाळंतपणाला माहेरी आल्ती, तिचं तान्हं लेकरू माझ्या मांडीवर. अंधार पडत आल्ता. हे गाणं म्हणत चालवून राह्यलेले, कधी ह्या कडंला, कधी त्या कडंला. पोलिसानं बॅटरी मारली तवा ह्यांनी मागं पाह्यलं. मी लेकराला एवढं आवळलेलं, की हात सुटंना. दोन पोलीस बायांनी सोडवले."

"तुम्ही बोलला का नाहीत त्यांना वाटेत?"

"त्यांनी बी हेच इचारलं. घरी आल्यावर. म्हणलं, मी बोलले असते तर तुम्ही मागं वळून पाह्यलं असतं, अन् रस्ता सुटला असता."

भाकरी तव्यावर पडली. काकूंनी तिला पाणी लावलं. "त्या दिवसापासून हात लावला न्हाई बाटलीला. मशीन नसतं तरी लावला नसता. पण त्यांचा सोताहावर भरोसा न्हाई, अन् मला म्हणता येत न्हाई का माझा हाय."

पुढे माझी बदली जालन्याला झाली. मी घनसावंगी सोडली. निघताना माझं सामान तात्यांनीच नेलं आणि वाटेत सजेची पूर्ण गोष्ट परत एकदा सांगितली, जणू मी नवखी उतारू होते. मग करोना आला, जीपा बंद पडल्या, आणि तात्या-काकू दोघंही आजारी पडून बरे झाल्याचं फोनवर कळलं. आता त्या रस्त्याला काळीपिवळ्या फार राहिल्याही नाहीत. ज्याच्या त्याच्या दारात मोटरसायकल आहे. जुनी खोली, ती गल्ली, सकाळची ती "पास" ऐकायची घाई, हे सगळं मला अधूनमधून आठवत राहायचं. शेवटी गेल्या हिवाळ्यात, थंडी कमी होताना, एका सुटीच्या दिवशी मी घनसावंगीला गेले.

दोघं थकले होते. तात्यांचे केस पार पांढरे झाले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, गॅसवर दूध ठेवलं आणि माझ्या मुलांची चौकशी करत समोर बसल्या. बोलता बोलता मला करपल्याचा वास आला. मी बघितलं तर काकू भांड्याकडे पाठ करून निवांत बोलत होत्या. मी काही म्हणणार, तेवढ्यात तात्या अंगणातून जवळजवळ पळतच आत आले. त्यांनी गॅस बंद केला, भांडं उचलून मोरीत ठेवलं, खिडकी उघडली आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "माझंच ध्यान न्हाई बघा. गॅस मीच मोठा करून गेल्तो. मॅडम, काळा चहा चालंल ना? पित्ताला चांगला असतो." आणि बाहेर निघून गेले. ते त्याआधी स्वयंपाकघरात आलेच नव्हते.

काकू खाली बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माय, त्या आजारापासून मला वासच येईना. कशाचाच. कोथिंबिरीचा न्हाई का उदबत्तीचा न्हाई. डॉक्टर म्हणला येईल, अजून आला न्हाई. ह्यांना सांगू नको बरं का."

"का हो?"

"मशीन बंद पडलं म्हणून कळलं तर गाडी दारात लावून टाकतील. कायदा म्हंजे कायदा. अन् गाडी बंद झाली तर हा माणूस कशाला उठंल सकाळी?"

मी नाही सांगणार म्हणाले.

दुपारी तात्या म्हणाले, चला, अंबडपर्यंत सोडतो, तिथून जालन्याची एसटी मिळंल. काकूही निघाल्या. "आजकाल ती बी येती," तात्या म्हणाले, "घरात बसून काय करायचं तिनं." दारात त्यांनी फुंकलं. काकूंनी डोळे मिटले, पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला आणि म्हणाल्या, "पास." तात्यांनी किल्ली घेतली. आमच्या तिघांशिवाय जीपमध्ये कोणी नव्हतं. काकू पुढे खिडकीशी बसल्या आणि मी माझ्या जुन्या जागेवर.

गाव सुटलं आणि तात्या बोलायला लागले. मला वाटलं, सजेची गोष्ट येणार. पण तात्यांनी आज तो विषय काढलाच नाही.

"मॅडम, हुळा भाजून राह्यलं कोणीतरी. वास आला का? हरभरा जरा कवळाच हाय, पाला जास्त जळून राह्यला." थोडं पुढे गेल्यावर, "आता गुऱ्हाळ आलं. काकवी उतरायला आली बघा, गोड गोड, जरा करपट. घाई केली त्यानं." मग एका वळणावर, "हे आपलं डिझेल. त्याचं मनावर घेऊ नका." ते हे सगळं मला सांगत होते, मान जरा मागे वळवून, पण नजर रस्त्यावरच ठेवून. मला नाक होतं, मला सगळे वास येत होते. हा माणूस अचानक असा काय वासांचं समालोचन करतोय, म्हणून मी आधी हसले. मग पुढच्या आरशात मला काकू दिसल्या. त्या तात्यांच्या शब्दाशब्दाला किंचित मान हलवत होत्या.

अंबडच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा आहेत. झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती. तात्यांनी जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. काकूंनी खिडकीची काच पूर्ण खाली केली होती.

"मॅडम," तात्या म्हणाले, "मोसंबीला बहार आलाय. आता ह्याचा वास कसा म्हणावा… सुषमा तान्ही होती ना, तिला न्हाऊ घालून उन्हात धरायचो, तवा तिच्या टाळूला यायचा बघा. तसा. बिलकुल तसा."

सुषमा माझ्याहून मोठी आहे. तिला मी तान्ही कुठून पाहणार? तरी मी म्हणाले, "हो तात्या, अगदी तसाच."

काकूंनी तोंड बागेकडे केलं आणि एक मोठा श्वास घेतला. तात्यांनी लगेच जीप सुरू केली नाही.